हिमरूचे पडदे आणि पाचोडचा बाजार: दोन मोटारींची एक सहल

लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल कुपनावर मिळतं, आणि कुपन मिळायला ओळख लागते. औरंगाबादेतल्या निम्म्या मोटारी चाकं काढून विटांवर चढवून ठेवल्या आहेत. माझ्यासारख्या भाषणं करणाऱ्या वकिलाची तर दोन्हीकडून कोंडी. सभेला परवानगी मिळत नाही आणि प्रवासाला पेट्रोल. अशा वेळी माणसानं करावं काय? झालेला प्रवास पुन्हा करावा. लढाई संपल्यावर ज्यांना पाचोड-पैठणची फेरी करायची असेल, किंवा नवी मोटार घ्यायची असेल, त्यांना या लिखाणाचा उपयोग होईल. ज्यांना दोन्ही करायचं नसेल त्यांनी नुसतं माझ्याबरोबर बसून यावं.

गोष्ट लढाईच्या आदल्या हिवाळ्यातली. छावणीतले आमचे शेजारी मीरसाहेब कापसाचे व्यापारी. गावोगाव खरेदीला टांग्यानं फिरून त्यांची कंबर कामातून गेली होती, म्हणून त्यांनी मोटार घ्यायचं ठरवलं. हैदराबादच्या एका एजन्सीनं आपला माणूस, फ्रामजी, दोन नव्याकोऱ्या गाड्या देऊन पाठवला. दोन्ही चालवून बघा, एक ठेवून घ्या, दुसरी आम्ही परत नेऊ, असा करार.

पहिली गाडी लांब, काळी, बंद बॉडीची. आठ सिलिंडर. दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा दबका आवाज यायचा. आत कातड्याच्या गाद्या, पायाखाली गालिचा, समोर विजेचं घड्याळ, आणि चालवणारा व मागे बसणारा यांच्यामध्ये काच. दुसरी चार सिलिंडरची, कॅनव्हासच्या टपाची, बाजूंनी उघडी. पाऊस आला तर कापडी झडपा बटणांनी लावायच्या. ऐन वेळी बटण दाबून इंजिन सुरू झालं नाही तर पुढे हँडल मारायचं. तसलीच एक गाडी बाबूमियाँ आमच्याकडे औरंगाबाद-पाचोड भाड्यानं चालवत. रस्ता त्यांच्या पायाखालचा, म्हणून लहान गाडीच्या चाकावर मीरसाहेबांनी त्यांनाच बसवलं.

मला बरोबर घ्यायचं कारण मीरसाहेबांनी स्वच्छ सांगितलं. तुम्ही सभेत दोन्ही बाजू मांडता आणि शेवटी एकीचा फडशा पाडता, इथंही तेच करा. माझं मत अर्थात आधीच ठरलेलं होतं. वाचनालयात येणारी मोटारींची विलायती मासिकं मी वर्षभर वाचत होतो, आणि ज्या मुलखात रयतेच्या बैलगाडीला धड रस्ता नाही तिथं आठ सिलिंडरची ऐट हे पाप आहे, असं माझं ठाम म्हणणं होतं. ते आजही आहे. पण ते सिद्ध झालं ते माझ्या एकाही मुद्द्यानं नाही.

आमचं हे बोलणं दिवाणखान्यात चाललं असताना बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून आवाज आला, "चालवूनच बघायच्या तर पाचोडला न्या. मी येते."

तो आवाज आपांचा. आपा म्हणजे मीरसाहेबांच्या थोरल्या भावाच्या विधवा. मीरसाहेब त्यांना भाभीजान म्हणत आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा मानत. मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून शीरखुर्मा खाल्लेला. पुढे मला मिसरूड फुटलं आणि रिवाजाप्रमाणे मध्ये पडदा आला. तेव्हापासून माझ्यासाठी आपा म्हणजे एक आवाज होता. त्या पाचोडच्या. त्यांच्या वडिलांचं तिथल्या बाजारात किराणा दुकान होतं, आणि लग्न होईपर्यंत ही पोर दुकानाच्या फळीवर बसून बाजार बघायची. लग्नानंतर चार-दोनदा माहेरी गेल्या त्या पडदा बांधलेल्या दमणीतून, बैलांच्या घंटा ऐकत. वडील वारले, दुकान गेलं, आणि जाणं थांबलं.

आता त्यांचा मुलगा हैदराबादला नोकरीत कायम झाला होता. ईद झाली की आपा कायमच्या तिकडे जाणार होत्या.

"तिकडं गेले की परत येणं व्हायचं नाय," त्या म्हणाल्या. "पाचोडचा बाजार एकदा डोळ्यानं बघू द्या. मग कोणती बी गाडी घ्या."

मीरसाहेबांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ते नवाबपुऱ्यात विणकराकडे गेले आणि मोठ्या गाडीसाठी हिमरूचे पडदे करायला टाकून आले. अस्सल हिमरू, रेशमी वेलबुट्टीचं, शेरवानीला वापरतात तसलं घट्ट. मागच्या दोन्ही बाजूंच्या काचांना, पाठीमागच्या काचेला आणि मधल्या काचेलाही. भाभीजानच्या इभ्रतीला साजेसं काही करावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते पडदे पाहून फ्रामजीनंही टोपी काढली. असलं काम विलायतेतही होत नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी सकाळी निघालो. निघायला हाच हंगाम धरा. रस्ते वाळलेले असतात, ओढ्यांना घोट्याएवढं पाणी असतं, शाळू हुरड्यात आलेला असतो. बरोबर पेट्रोलचे डबे, पाण्याचा डबा, दोन स्टेपन्या आणि हवा भरायचा पंप ठेवा. पैसे निजामाच्या हाली शिक्क्याचे घ्या. खेड्यात इंग्रजांचा कलदार रुपया दाखवलात की मोड मिळत नाही आणि दुकानदार तुमच्याकडे संशयानं बघतो.

पहिल्या टप्प्याला मी लहान गाडीत बाबूमियाँच्या शेजारी होतो. पुढे मोठी गाडी, तिच्यात फ्रामजी चाकावर, शेजारी मीरसाहेब, मागे पडद्यात आपा. छावणीतून बाहेर पडून शहर ओलांडलं, मुकुंदवाडी मागे पडली आणि झाल्ट्यावरून दक्षिणेला वळलो तशी धूळ सुरू झाली. मोठ्या गाडीची सगळी धूळ आमच्या तोंडात. समतेवर मी जेवढी भाषणं केली आहेत त्या सगळ्यांपेक्षा त्या तासाभरात मला विषय जास्त कळला.

लहान गाडीचे दोष लपवत नाही. स्प्रिंगा इतक्या कडक की खड्डा आला की माणूस टपाला लागून खाली येतो. ब्रेक दोरखंड ओढल्यासारखे ओढावे लागतात. चढ लागला की पाणी उकळतं, आणि बाबूमियाँ खाली उतरून फडक्यानं टोपण उघडतात आणि म्हैस पाजावी तसं तिला पाणी पाजतात. बोलायला गेलो तर इंजिनाच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येईना. बाबूमियाँ म्हणाले, "वकीलसाब, ही गाडी तुमच्यावर उतारा हाय."

पण गुण? पोट उंच असल्यामुळे बैलगाडीच्या चाकोऱ्यांवरून ती शेळीसारखी चालते. मोठ्या गाडीचं पोट मात्र दोनदा मधल्या उंचवट्याला घासलं, आणि दोन्ही वेळा फ्रामजीचा चेहरा घरात कोणी आजारी पडल्यासारखा झाला. पेट्रोल तर ती हौदासारखं पिते. लहान गाडी तेवढ्यात पैठणला जाऊन परत येईल.

आडूळला थांबलो. तिथल्या हॉटेलात बाजरीची भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा मिळतो. चहा मात्र गुळाचा आणि धुराचा. चहा घेण्यापूर्वी विचार करा. फ्रामजीनं घेतला आणि पुढचा अर्धा तास तो कोणाशी बोलला नाही. इथं मीरसाहेबांनी आणि मी जागा बदलल्या, म्हणजे मला दोन्हींचा अनुभव यावा.

मोठी गाडी सुरू झाली हे मला झाडं मागे सरकू लागली तेव्हा कळलं. खोटं कशाला बोला, सुख ते सुख. मघाशी हाडं मोजणारा रस्ता आता बिछान्यासारखा झाला होता. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी मनातल्या मनात आपलं भाषण थोडं सौम्य करायला घेतलं होतं, तेवढ्यात मागून मधल्या पडद्याआडून आवाज आला.

"बाळू, काय दिसतंय रे?"

मी विचारलं, आपा, तुम्हाला दिसत नाही का? त्या म्हणाल्या, "बुट्ट्या दिसतात. पोपटी वेल, त्याच्यावर लाल फूल. सकाळपासून तेच बघतेय."

मग मी सांगू लागलो. निसर्गानं ही काळीभोर भूमी सुवर्णानं कशी मढवली आहे, क्षितिजाच्या कडेवर डोंगरांच्या निळ्या रांगा कशा...

"ए," आपा म्हणाल्या, "भाषण नको. दिसतं ते सांग. कपाशी किती उंच हाय? गुडघ्याएवढी का कमरेएवढी?"

मी पाहिलं. कपाशी होती. पण तिच्याशेजारी माणूस उभा नव्हता, आणि नजर ठरेपर्यंत शेत मागे गेलं. सांगता येत नाही, असं मी म्हणालो.

"मोट चालू हाय का विहिरीवर?"

विहीर मला दिसलीच नव्हती.

"बरं. दाभरूळच्या अलीकडं ओढा लागतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला लिंबाचं झाड हाय, एकटं. आमची दमणी तिथं सोडायची, बैलं पाणी पियाची. तेवढं बघ, हाय का ते."

मी काचेला नाक लावून बसलो. फ्रामजीला हळू घ्यायला सांगितलं. त्याला वाटलं मला मळमळतंय, म्हणून त्यानं उलट लवकर पोहोचवण्यासाठी वेग वाढवला. ओढा आला, पाणी दोन्ही बाजूंनी उडालं, काचांवर चिखल बसला, आणि आम्ही पलीकडे होतो.

"हाय का?" मागून आवाज.

दिसलं नाही, असं मी सांगितलं. मग आपा म्हणाल्या, "राहू दे. बाजार तर दिसंल."

पाचोडचा बाजार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दूरदूरच्या गावांतली माणसं, जनावरं, मिरच्यांचे ढीग, घोंगड्या, मडकी, गोडी शेव, रेवड्या, कासार, न्हावी, तागड्या तोलणारे आणि तागड्यांवरून भांडणारे, सगळं एका पटांगणात. लांबून त्याचा आवाज ओढ्याच्या पुरासारखा ऐकू येतो. वेशीजवळ आलो तेव्हा मलाही तो ऐकू आला, आणि आपा मागे सावरून बसल्याचं गादीच्या आवाजावरून कळलं.

गाडी पटांगणाच्या तोंडाशी आली. लांब, काळी, चिडीचूप. पुढे कोटातला फ्रामजी आणि काळ्या टोपीतला मी. मागे रेशमी पडदे.

कोणीतरी ओरडलं, "तालुकदार!"

आणि बाजार उठला. मी आयुष्यात अनेक सभा पोलिसांनी उधळलेल्या पाहिल्या आहेत, पण इतक्या वेगानं उधळलेली एकही नाही. तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा हाकीम, आणि तो मोटारीतून एकाच कामाला येतो, वजनं-मापं तपासायला, असं त्या गावाचं पक्कं गणित होतं. आणि पाचोडच्या बाजारात त्या दिवशी शिक्क्याची वजनं किती जणांकडे होती, ते मी आज सांगणार नाही. तागड्या गोण्यांखाली गेल्या. वजनाचे धोंडे कडब्यात गेले. एका बाईनं शेराचं माप सरळ डोक्यावर उपडं घालून वरून पदर घेतला. पोरं पळाली म्हणून शेळ्या पळाल्या, शेळ्या पळाल्या म्हणून म्हातारे. पोलीस पाटील पटका बांधत धावत आला, आधी तीनदा मुजरा केला आणि मग उरलेल्यांना काठीनं मागे रेटू लागला. जागा करा, साहेबांना जागा करा.

मी खाली उतरून सांगू लागलो की आम्ही कोणी नाही. पाटील म्हणाला, व्हय साहेब, आम्ही बी कोणी नाय.

त्याच वेळी मागच्या काचेवरचा पडदा बोटभर बाजूला झाला. पलीकडे मोकळं पटांगण होतं. विस्कटलेल्या मेथीच्या जुड्या, एक उलटी टोपली, आणि तिच्याजवळ बसलेलं कुत्रं. भिंतीला लागून हात जोडलेली माणसं.

"हा बाजार हाय व्हय," आपा म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

लहान गाडी मागून खडखडत आली. मीरसाहेब उतरले, धुळीनं पांढरे झालेले. आपांनी काच दोन बोटं खाली केली आणि त्यांना सांगितलं की ही गाडी गावाबाहेर न्या, मी लहान गाडीत बसते.

मीरसाहेब हबकले. हळू आवाजात, पण ठाम बोलले. "भाभीजान, उघडी गाडी है. भाड्याच्या मोटारीसारखी. मीर घराण्याची बाई बाजारात उघड्या गाडीत बसली तर लोग क्या बोलेंगे?"

मला वाटलं, आता आपली वेळ. स्त्रीला पडद्यात कोंडणाऱ्या समाजाचं काय होतं, यावर माझ्याकडे तयार माल पुष्कळ होता. मी घसा साफ केला.

"बाळू, तू गप," काचेच्या फटीतून आवाज आला. "मला बुरखा नको असं मी कुठं म्हणते? तो माझा हाय, मी घातलाय. हा पडदा मोटारीचा हाय." मग थांबून त्या दिराला म्हणाल्या, "मियाँ, तुम्ही लई मायेनं केला. मला लोकांच्या नजरंपासून झाकलं. पण माझ्यापासून गाव बी झाकलं की."

मीरसाहेब हिमरूच्या त्या वेलबुट्टीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी फ्रामजीला खूण केली. मोठी गाडी गावाबाहेर एका वडाखाली नेली. तिथं जागा बदलली, आणि आपा बुरख्यात, तोंडावर जाळी ओढून, लहान गाडीत मागे बसल्या. मीरसाहेब स्वतः बाबूमियाँच्या शेजारी पुढे बसले. कोणी ओळखू नये म्हणून त्यांनी रुमी टोपी काढून मांडीखाली ठेवली. पन्नाशीच्या त्या भारदस्त माणसाला मी त्याआधी कधी बोडक्यानं पाहिलं नव्हतं.

मी चालत गाडीबरोबर निघालो. मोठी मोटार गेलेली पाहून बाजार पुन्हा भरू लागला होता, कडब्यातून धोंडे बाहेर येत होते. आणि लहान गाडीकडे कोणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. बाबूमियाँची मोटार, दर बाजाराला येते, त्यात काय बघायचं? नवी आहे की जुनी हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. शेळ्या चाकापुढून हलेनात. एका वांगीवाल्यानं बॉनेटवर थाप मारून सुनावलं, "ए बाबूमियाँ, तुझं खटारं माझ्या वांग्यांवर घालतोस का? का भरीत करून खायचंय?"

बुरख्यातून हसण्याचा आवाज आला. ते हसू मी मिसरूड फुटण्याआधी ऐकलं होतं.

गाडी कासवासारखी सरकत होती. प्रत्येक ढिगापाशी थांबत होती, कारण पुढे जायला वाटच नव्हती. आपा आता मला विचारत नव्हत्या, मलाच सांगत होत्या. ते बघ, तिथं आमची फळी होती. तो कासार कुणाचा तरी नातू असंल, नाक तेच हाय. ती वीट बघ, त्या वेशीच्या कमानीतली, मी पोर असताना बी तेवढीच बाहेर आलेली होती.

एक म्हातारी बोरांची टोपली काखेत घेऊन गाडीशी आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, तोंडात दातांचा हिशेब लागत नव्हता. आपांनी भाव विचारला, तिनं सांगितला, आपांनी तो निम्मा केला. म्हातारी म्हणाली, बुरख्यातल्या बायांना पाचोडची बोरं फुकट वाटतात काय. मग तिनं माप भरलं, आणि भरताना अंगठा आत ठेवला.

"अंगठा काढ," आपा म्हणाल्या. "शीग लावून भर. दुकानदाराची पोर हाय मी, फळीवर बसून सगळ्यांचे अंगठे बघितलेत."

म्हातारीचा हात थांबला. तिनं जाळीकडे निरखून पाहिलं, मग डोळे मिटले, जणू आवाज पुन्हा आत ऐकत होती.

"फातमे?"

"व्हय ठके."

ठकुबाईनं टोपली खाली ठेवली आणि गाडीच्या उघड्या बाजूनं दोन्ही हात आत घातले. आपांनी बुरख्यातून आपले हात बाहेर काढले. मीरसाहेब समोर रस्त्याकडे बघत राहिले. मी मिरच्यांच्या ढिगाकडे बघत राहिलो, कारण ते हात बघायचा हक्क माझा नव्हता. मिरच्यांनी डोळ्यांत पाणी येतं, हे तेवढ्यापुरतं बरं होतं.

थोड्या वेळानं ठकुबाई म्हणाली, "मघाशी ती मोठी मोटार आली, तवा मी बी पळाले. माप डोक्यावर घालून. त्यात तूच व्हतीस?"

"मीच."

"मग सांगायचं न्हाय का गं? किती लांब पळवलंस मला या वयात."

पुढे त्या दोघी काय बोलल्या ते मी सांगत नाही. बरंचसं ऐकूही आलं नाही. बाजार पुन्हा पुराच्या आवाजानं वाहत होता.

पाचोडहून पैठणचा रस्ता धरला. आपांनी त्या वाटेवरही लहान गाडीच निवडली, झडपा उघड्या ठेवून. हाडं खिळखिळी झाली असतील, पण तक्रार केली नाही. बोरं खात होत्या आणि बिया रस्त्यावर टाकत होत्या. मी मोठ्या गाडीत, पडदे बाजूला सारून, एकटाच मागे बसून आलो. समतेच्या पुरस्कर्त्याला इतकं आरामात आणि इतकं अवघडून बसावं लागल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पैठणला आपा मीरसाहेबांच्या नातेवाइकांकडे उतरल्या. मी आणि फ्रामजी डाकबंगल्यात. डाकबंगल्याला आधी अर्ज करून परवानगी घ्या, नाहीतर चौकीदार तुम्हाला ओसरीवर झोपवतो. सकाळी आपांनी दर्ग्यात फातेहा दिला, मी गोदावरीत बुडी मारली, आणि परत येताना घाटाच्या पायऱ्यांवर बसून दोघांनी, म्हणजे मी इकडे आणि बुरखा तिकडे, नदीचं रुंद वाळवंट पाहिलं. दोघांनाही काही सांगावं लागलं नाही.

परतीचा रस्ता बिडकीनवरून. मुरमाचा, दाबलेला, सरळ. इथं मोठ्या गाडीचं खरं रूप दिसलं. आपा थकल्या होत्या, कंबर धरली होती. त्या आपण होऊन मोठ्या गाडीत बसल्या, पडदे ओढून घेतले आणि बिडकीन यायच्या आत गाढ झोपल्या. छावणीत दारापाशी गाडी थांबली तेव्हा त्यांना हाक मारून उठवावं लागलं. त्या गाडीनं त्यांना झोळीतल्या लेकरासारखं आणलं होतं. हा तिचा गुण मी खुल्या दिलानं मांडतो. दुखणाईत माणूस, बाळंतीण, म्हातारा यांना न्यायचं असेल तर तिला तोड नाही. लहान गाडीनं तेच माणूस पोहोचेल, पण वैद्याकडे आणखी एक दुखणं घेऊन पोहोचेल.

दिवाणखान्यात मीरसाहेबांनी मला निकाल विचारला. मी तयारीनं उभा राहिलो होतो, मुद्देसूद. पण चिकाकडे नजर गेली आणि मी खाली बसलो. तुम्हीच ठरवा, म्हणालो. मीरसाहेब म्हणाले की त्यांचं ठरलं आहे, आणि ते ठरलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. त्यांनी लहान गाडी ठेवली. मोठी फ्रामजी घेऊन गेला, पुढे ती शहरातल्या एका जहागीरदारांकडे आली. हिमरूचे पडदे मीरसाहेबांनी काढून ठेवून घेतले. आपांनी त्यांच्या दोन रजया शिवल्या आणि ईदनंतर हैदराबादला जाताना बरोबर नेल्या. घट्ट कापड, थंडीला उत्तम.

स्टेशनवर जाताना त्या लहान गाडीत बसल्या होत्या. सामान टांग्यात. बाबूमियाँना त्यांनी एकच सांगितलं, हळू घ्या. वाट वाकडी करून गुलमंडीतून गाडी अशी गेली की मागचे टांगेवाले शिव्या देत होते. जनानी डब्याची खिडकी खाली ओढण्यापूर्वी त्या मला म्हणाल्या, "हैद्राबादेला येशील तवा पाचोडचं सांग. भाषण नको. दिसतं ते सांग."

आता लढाई आहे. जहागीरदारांची काळी मोटार तबेल्यात विटांवर उभी आहे, तिच्या गालिच्यावर मांजरानं पिलं घातली आहेत. लहान गाडी मीरसाहेबांनी बाबूमियाँनाच देऊन टाकली, कारण त्यांच्या जुन्या गाडीची अखेर झाली होती. पेट्रोलवाचून चालावी म्हणून बाबूमियाँनी या गाडीच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची शेगडी बसवली आहे. चालते ती आता पूर्वीपेक्षाही हळू, आणि चढावर सगळ्यांनी उतरून ढकलायची. पण चालते. दर बाजाराला पाचोडला जाते. लढाई संपण्याची वाट बघायची नसेल तर या गाडीतून जा. जुने कपडे घाला, आणि पुढची जागा मागून घ्या.

मागच्या बाजाराला मी गेलो होतो. दाभरूळच्या अलीकडे ओढ्याच्या चढावर गाडी धापा टाकत थांबली, आणि मी वरच्या अंगाला पाहिलं. आपांचं कडुलिंबाचं झाड नव्हतं. बुंधा होता, कुऱ्हाडीच्या घावांचा, आणि थोड्या अंतरावर कोळशाची भट्टी लावल्याच्या काळ्या खुणा. रस्त्यानं अशा भट्ट्या आता जागोजाग दिसतात. बाबूमियाँ शेगडी ढोसायला उतरले. मागे शेगडीत कोळसा लाल झाला होता, आणि तो कुठल्या झाडाचा हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात मला कामासाठी हैदराबादला जायचं आहे. आपा विचारतील. त्या झाडाविषयी, लढाईविषयी, माणसांच्या हावरेपणाविषयी माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे, आणि एरवी मी ते बोललोही असतो. पण त्या दिवशी मी गाडीतून उतरलो, ओढ्याच्या काठानं वर गेलो आणि बुंध्यापाशी उभा राहिलो. सालीतून नवे फुटवे आले आहेत, तांबूस, कोवळे, बुंध्याच्या चारही अंगांनी. मी त्यांच्या शेजारी पाय लावून पाहिला.

गुडघ्याच्या थोडे वर.